वार चुकवताना नेमकं हलायचं कधी?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सहा-सात महिने लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन हातांनी धरायची लांब युरोपियन तलवार, शिकतोयस, पॅरी करायला, म्हणजे तलवारीने वार अडवायला, उशीर होतो, मागे सरकलास तरी टोक लागतंच, म्हणून बाजूला सरकून वार चुकवायचं ठरवलंस तर समोरचा तुझ्या मागोमाग तलवार वळवतो आणि मारतोच, वर शेवटच्या क्षणी डोळे मिटतात ते वेगळंच. आणि मग तू विचारलंयस की हे अंगाने वार चुकवणं खरंच जमतं का, की फक्त जुन्या पुस्तकांतल्या चित्रांतच दिसतं. कॉलेजात आहेस असं लिहिलंयस म्हणून तू म्हणतोय, राग मानू नकोस.

जमतं. पण आधी माझी ओळख देतो म्हणजे किती मनावर घ्यायचं ते तुझं तू ठरव. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीनिमित्त जर्मनीत, बारा वर्षं झाली हा नाद लागून, आधी लाँगस्वोर्ड आणि गेली सहा-सात वर्षं जास्त करून रेपियर, म्हणजे एका हाताची, मुख्यतः भोसकायची लांब तलवार. या प्रकाराला, म्हणजे जुन्या पुस्तकांवरून शिकायच्या युरोपियन युद्धकलेला, सगळे हेमा (हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स) म्हणतात हे तुला माहितीय, सुरुवातीला मी फोनवर आईला सहज सांगायचो की आज संध्याकाळी हेमाला जायचंय, तर तिने दोन महिने काही न बोलता ऐकून घेतलं आणि मग एकदा हळूच विचारलं की ही हेमा कोण. असो.

तुझ्या वर्णनावरून मला तुझ्या पायात काही खोट दिसत नाही, तू लवकर हलतोयस एवढंच. आणि ते इतकं कॉमन आहे की नवीन आलेल्या दहापैकी नऊ जण हेच करतात, मीही केलंय. जरा हिशोब करून बघ. समोरच्याचा हात आणि तलवार मिळून खांद्यापासून टोकापर्यंत साधारण दीड मीटर धर. तू वीस सेंटीमीटर बाजूला सरकलास, तेवढं सरकायला तुला अख्खं वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यावं लागलं, आणि तुझ्या त्या वीस सेंटीमीटरला उत्तर म्हणून त्याला काय करायचंय तर हाताची दिशा सात-आठ डिग्री वळवायची. बस. तू अख्खं सत्तर किलोचं शरीर हलवतोस आणि तो मनगट हलवतो. ही शर्यत तू कधीच जिंकणार नाहीस, कितीही पाय चपळ केलेस तरी नाही, कारण हिशोबच तुझ्या विरोधात आहे.

म्हणजे तू हलायला हवंस तेव्हा, जेव्हा त्याला ते सात-आठ डिग्री वळवता येत नाहीत. अख्खा विषय एवढाच आहे खरं तर, पुढचं सगळं त्याचं फोडणी-मीठ.

तू खो-खो खेळलायस ना? लहानपणी खेळलाच असशील. चेसरने एकदा दिशा घेतली की त्याला उलटं फिरता येत नाही, फिरला तर फाऊल. चांगला पळणारा काय करतो, चेसर दिशा घेईपर्यंत हलतच नाही, नुसता उभा राहतो किंवा हूल देतो, आणि त्याचा खांदा एका बाजूला वळला रे वळला की उलट्या बाजूने निघून जातो. नवखा पळणारा चेसर उठायच्या आधीच पळत सुटतो आणि बाद होतो. तलवारीत असा दिशेचा फाऊल नाही, पण शरीराचा स्वतःचा एक नियम आहेच, की उचललेला पाय हवेत असताना दिशा बदलू शकत नाही. लंज मारायला, म्हणजे लांब पाऊल टाकून भोसकायला, समोरच्याने पुढचा पाय उचलला की तो पाय खाली टेकेपर्यंत त्याचं धड जिथे चाललंय तिथेच चाललंय, आणि तलवार पूर्ण वेगात खाली येत असेल तर तीही. फेडरचं, म्हणजे सरावाच्या बोथट लाँगस्वोर्डचं, वजन दीड किलोच्या आसपास, ऐकायला काहीच नाही, पण खांद्यावरून पूर्ण ताकदीने सोडलेली दीड किलोची लोखंडी पट्टी अर्ध्यात वळवून बघ मग कळेल.

इटालियन लोक याला टेंपो म्हणतात. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या त्यांच्या उस्तादांनी ही कल्पना सरळ अ‍ॅरिस्टॉटलकडून उचललेली, काळ म्हणजे गतीचं मोजमाप वगैरे, त्यामुळे वाचताना आपण तत्त्वज्ञानाच्या तासाला बसलोय असं वाटतं, पण अर्थ एकदम व्यवहारी आहे. समोरचा काही एक हालचाल करतोय, ती संपेपर्यंत त्याला दुसरी करता येत नाही, ती हालचाल म्हणजे तुझा टेंपो. त्याने पाय उचलला, टेंपो. एका गार्डमधून, म्हणजे तलवार धरून उभं राहायच्या पवित्र्यातून, दुसऱ्यात गेला, टेंपो. तुझ्या तलवारीखालून टोक फिरवून दुसऱ्या बाजूला नेलं, टेंपो. वार केला आणि तो हुकला, तो तर सगळ्यात मोठा टेंपो. जर्मन परंपरेत हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत येते, लिश्टेनाउअर या जुन्या जर्मन उस्तादाच्या शिकवणीत फोर म्हणजे आधी, नाख म्हणजे नंतर आणि इंडेस म्हणजे त्याच्या चालू हालचालीच्या आतच. आणि नाखरायझन म्हणून एक अख्खा प्रकार आहे, त्याने तलवार उचलली किंवा त्याचा वार खाली हुकून गेला की तो सावरायच्या आत त्याच्या मागोमाग जायचं. तू लाँगस्वोर्डवाला आहेस म्हणजे हे शब्द कानावर पडले असतील, फक्त शिकवताना ते तलवारीच्या संदर्भात सांगतात आणि पायांचा संबंध कुणी नीट जोडून देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता मग तू म्हणशील, ठीक आहे, तो बांधला गेला की हलायचं, पण तेवढा वेळ मिळतो का? इथे अंतर येतं आणि तुझी दुसरी चूक बहुतेक इथेच आहे. माणसाला डोळ्याने काहीतरी दिसल्यापासून अंग हलायला सुरुवात व्हायला साधारण पाव सेकंद जातो, आणि ते सुद्धा काय येणार हे माहीत असताना. चार शक्यतांपैकी एक ओळखायची असेल तर अजून जास्त. आता तू जर इतक्या जवळ उभा असशील की समोरच्याला पाय न हलवता नुसता हात लांब करून तुला लावता येतंय, तर त्याचा हात तुझ्या पाव सेकंदाच्या आत पोचतो. तिथे चुकवणं नावाची गोष्टच शिल्लक नाही, नशीब असतं फक्त. इंग्लंडचा जॉर्ज सिल्व्हर, 1599 मध्ये त्याचं पुस्तक आलं, इटालियन रेपियरवाल्यांवर जाम खार खाऊन असायचा, लिहिलंय पण असं की वाचताना हसू येतं, पण हा मुद्दा त्याने जितका साफ मांडलाय तितका कुणी नाही. हात पायापेक्षा वेगवान. म्हणून ज्याला पोचायला पाय टाकावा लागतोय तो हळू, आणि ज्याचं काम नुसत्या हाताने होतंय तो वेगवान. तू अशा ठिकाणी रहा की त्याला पाय टाकावाच लागेल. कापो फेर्रो, हा सिएनावाला, 1610 चा, तोही लांबचं माप आणि जवळचं माप असे दोन भाग करतो, लांबच्या मापात पायाने पोचायचं, जवळच्यात नुसत्या हाताने किंवा अंग पुढे झुकवून. चुकवाचुकवी ही फक्त लांबच्या मापातली चीज आहे हे डोक्यात पक्कं बसव. जवळच्या मापात आलास की तलवारीला तलवार भिडलेली हवी नाहीतर बाहेर पळ.

मला वाटतं तू जवळ उभा राहतोस. व्हिडिओ न बघता सांगतोय, पण मागे सरकूनही टोक लागतंय याचा दुसरा अर्थ होत नाही. पुढच्या वेळी स्पारिंगला एक पाऊल जास्त लांब उभा रहा, तुला वाटेल आपण पळपुटेपणा करतोय, वाटू दे. फिओरे देई लिबेरी नावाचा इटालियन उस्ताद होता, 1400 च्या आसपासचा, त्याच्या हस्तलिखितात माणसाच्या भोवती चार प्राणी काढलेत, वाघ वेगासाठी, सिंह हिमतीसाठी, पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती भक्कमपणासाठी, आणि डोक्याच्या वर लिंक्स, ते रानमांजराच्या जातीतलं. त्या लिंक्सच्या पंजात काय दिलंय तर कंपास, आपल्या कंपासपेटीतला असतो तसा. अंतर मोजणारं जनावर सगळ्यात वर, वेगवालं बाजूला. मी ते चित्र प्रिंट काढून किटबॅगच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

अजून एक, आणि हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. नुसतं चुकवून काही होत नाही. सिनेमात हिरो वार चुकवतो, मग थांबतो, मग एक लूक देतो, मग मारतो. खऱ्यात तू नुसता चुकवलास तर समोरच्याचं काय बिघडलं? त्याचा एक वार फुकट गेला, तो दुसरा करेल, आणि तू मात्र आता तिरका उभा आहेस, वजन एका पायावर, तलवार भलतीकडे. जुन्या पुस्तकांत अंग चुकवण्याच्या जवळजवळ प्रत्येक चित्रात बघ, चुकवणाऱ्याच्या तलवारीचं टोक त्याच क्षणी समोरच्यात घुसलेलं आहे. चुकवणं आणि मारणं एकाच पावलात, एकाच टेंपोत. आणि तिसरी गोष्ट, तलवारीची मूठ आणि पातं अशा जागी असतं की समोरच्याने शेवटच्या क्षणी दिशा बदललीच तरी आधी लोखंडाला लोखंड लागेल. म्हणजे अंग हा दुसरा बंदोबस्त झाला, पहिला तलवारच. रात्री दाराला कडी लावून वर कुलूपही घालतो ना आपण, तसं. ज्याने नुसतं अंग चुकवायचं ठरवलं त्याचे स्पर्धेत डबल वर डबल होतात, दोघांना एकदमच लागतं, आणि मग रेफ्रीला शिव्या घालत बसतात. खऱ्या धारदार तलवारी असत्या तर दोघंही गेले असते, मग शिव्या कोण घालणार.

आता प्रत्यक्ष काय करायचं. लाँगस्वोर्डसाठी मी तुला दोनच गोष्टी सांगेन, बाकी सहा महिने विसर.

पहिली म्हणजे पाय काढून घेणं. कुणी तुझ्या मांडीवर किंवा गुडघ्यावर वार केला तर पॅरी करायला खाली जाऊच नकोस, पुढचा पाय मागे ओढ आणि त्याच क्षणी वरून त्याच्या डोक्यावर किंवा हातावर मार. हे का चालतं ते शाळेतल्या पायथागोरसने कळतं. खांदा जमिनीपासून 140 सेंटीमीटर धर, गुडघा 50. फरक 90. हात अधिक तलवार 150. खांद्याच्या उंचीवर सरळ समोर मारलं तर पोच पूर्ण 150, पण गुडघ्याच्या उंचीवर मारताना तीच तलवार तिरकी खाली जाते त्यामुळे पुढची पोच राहते 120. काढून बघ, 90, 120, 150, तीन-चार-पाचचा त्रिकोण आहे. म्हणजे पायावर मारणारा तीस सेंटीमीटर स्वतःहून गमावतो, आणि वर त्याचं डोकं पुढे आलेलं असतं आणि तलवार खाली गेलेली. तू फक्त पाय काढलास की त्याचा वार हवेत आणि तुझा पोचतो. फिओरे तर स्पष्टच म्हणतो की दोन हातांच्या तलवारीने गुडघ्याखाली मारू नये, मारणाऱ्यालाच धोका. लिश्टेनाउअरच्या परंपरेत याला युबरलाउफेन म्हणतात, खालून आलेल्यावर वरून मात करणं. आणि चारशे वर्षांनी, 1798 च्या सुमाराला ब्रिटिश लोक ब्रॉडस्वोर्ड आणि सेबर शिकवताना हीच गोष्ट शिकवत होते, पाय सरकवून घ्या आणि वरून हाणा. तलवारी बदलल्या, भाषा बदलली, त्रिकोण तोच.

यात लोकांची एक ठरलेली चूक आहे, पाय काढताना कंबरेतून पुढे वाकतात, म्हणजे पाय वाचतो आणि डोकं तोफेच्या तोंडी. पाय मागे जाताना धड सरळ उभंच राहिलं पाहिजे, मागच्या पायाशेजारी टाच आणून उभा राहिल्यासारखं. तुझ्या वयात दोन आठवड्यात येईल.

दुसरी गोष्ट, वरून येणाऱ्या उजव्या वाराला बाजूला पाऊल टाकून उत्तर देणं. समोरचा उजव्या खांद्यावरून वार करतोय, तू उजवा पाय उजवीकडे आणि थोडा पुढे टाकतोस आणि त्याच पावलात झ्वेर्खहाउ मारतोस, अंगठा पात्याखाली, मूठ डोक्याच्या वर आणि पुढे, पातं आडवं फिरून त्याच्या डाव्या कानशिलावर. इथे बघ की तीन गोष्टी एकदम होतायत, तू रेषेतून बाहेर गेलास, तुझी मूठ तुझ्या डोक्यावर छत्रीसारखी आहे, आणि तुझं पातं त्याला लागतंय. यातली एक फसली तरी दुसरी सांभाळून घेते. तुझ्या आताच्या चुकवण्यात यातली फक्त पहिली आहे, म्हणून ती फसली की सगळंच फसतं. क्रुम्पहाउ पण तसाच, उजवीकडे पाऊल आणि हात कात्रीसारखे घेऊन टोक त्याच्या हातांवर टाकायचं, पण तो नंतर, आधी झ्वेर्ख नीट बसू दे. पुढे टाकायचं थोडं, हे विसरू नकोस. नवखे लोक बाजूला सरकताना नकळत मागे पण जातात, भीतीने, आणि मग आपलं पातंच पोचत नाही. वार चुकवायचा तर वाराच्या दिशेने थोडं आत जायचं, हे मनाला पटायला मला दीड वर्ष लागलं, अजूनही दमलो की मागेच जातो.

किती सरकायचं हा प्रश्न उरला. जितकं कमी तितकं चांगलं. समोर तोंड करून उभा राहिलास तर छातीची रुंदी धर 45 सेंटीमीटर, अंग आडवं केलंस तर 25 च्या आत. म्हणजे नुसतं वळण्यानेच बरंचसं काम झालं, वर पंधरा-वीस सेंटीमीटर मधली रेषा सरकली की भोसकायला आलेलं टोक जवळून जातं. मी लोकांना सांगतो की टोक जॅकेटला घासून गेलं पाहिजे, एक हात लांबून गेलं म्हणजे तू जास्त हललास, आणि जास्त हललास म्हणजे परत यायला वेळ जास्त. हे अर्थात भोसकण्यापुरतं, कापायचा वार असेल तर वीस सेंटीमीटरने भागत नाही, पातं एक अख्खा पट्टा झाडत येतं, तिथे अंतर आणि मूठच वाचवते.

रेपियरमध्ये हे सगळं अजून बारीक होतं आणि खरं सांगायचं तर अंग चुकवण्याची मजा तिथेच आहे. इन्क्वार्ताता म्हणून एक चाल आहे, समोरचा तुझ्या आतल्या बाजूने भोसकायला येतोय, तू मागचा डावा पाय उजव्या पायाच्या मागून उजवीकडे टाकतोस, अंग दार उघडल्यासारखं वळतं, आणि हात तळवा वर करून सरळ पुढे, टोक त्याच्या चेहऱ्याकडे किंवा छातीकडे. तो स्वतःच धावत येऊन टोकावर बसतो. कामिल्लो आग्रिप्पा, मूळ मिलानचा, रोममध्ये काम करणारा आर्किटेक्ट आणि इंजिनियर माणूस, त्याने 1553 मध्येच तलवारबाजीवर भूमितीच्या आकृत्या काढून पुस्तक छापलं आणि ढीगभर गार्ड होते ते पहिला दुसरा तिसरा चौथा असे चारवर आणले. इंजिनियर लोक जिथे जातील तिथे हेच करतात. आणि पाडुआचा साल्वातोर फाब्रिस, जो डेन्मार्कच्या राजाकडे चौथ्या क्रिस्टियनच्या पदरी होता, त्याचं 1606 चं पुस्तक कोपनहेगनला छापलंय, त्यातले लोक बघितलेस तर वाटेल यांची कंबर धरलीय का, इतके पुढे वाकून उभे. पण त्यात डोकं आहे, धड आडवं आणि तलवारीमागे लपलेलं, म्हणजे समोरच्याला लावायला जागाच थोडी, आणि जागा थोडी म्हणजे चुकवायला लागणारी हालचालही थोडी. मला ते गार्ड पाच मिनिटांच्या वर जमत नाही, पाठ बोंबलते.

दुसरी प्रसिद्ध चाल पासाता सोत्तो, म्हणजे वार डोक्यावरून जाऊ देत खाली बसायचं, मागचा पाय लांब मागे, डावा हात जमिनीला टेकवायचा आणि टोक वर. दिसायला इतकी भारी की फोटोत एकदम हिरो. तिसऱ्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत मी ती करायची ठरवूनच गेलो होतो, मनात आदल्या रात्रीपासून चित्रं, आणि पहिल्याच बाउटमध्ये समोरच्याने खांदा जरा हलवला तर मी बसलो खाली. त्याने वार केलाच नव्हता. मी जमिनीवर, एक हात टेकलेला, गुडघा कळवळतोय, आणि तो वरून माझ्याकडे बघतोय, अगदी सावकाश, आणि मग त्याने मास्कवर टकटक केल्यासारखं टोक लावलं. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, माझ्या बायकोनेच बहुतेक. तर ती चाल वाईट नाही पण त्यातून परतीचं तिकीट नाही, एकदा खाली गेलास की पाय तुझे राहत नाहीत. समोरचा नक्की, अगदी नक्की उंचावरून भोसकायला निघालाय आणि त्याचा पाय हवेत आहे हे कळल्याशिवाय करायची नाही. मी आता वर्षातून एखाद्या वेळी करतो, तेही गुडघ्याला विचारून.

यावरून हूल. समोरचा चलाख असेल आणि त्याला कळलं की तू चुकवणारा आहेस, तर तो खोटा वार दाखवून तुला हलवणार आणि तू जिथे जाणार तिथे खरा वार ठेवणार. आट्यापाट्यात पाटी अडवणारा फसतो तसं. यावर उपाय दोन. एक म्हणजे अर्ध्या वाराला हलायचंच नाही, त्याचा पाय उचलला गेला तरच खरं धरायचं, कारण हाताने खोटं बोलणं सोपं असतं, पायाने अवघड. मी म्हणून नजर तलवारीच्या टोकावर ठेवत नाही, टोक सगळ्यात जास्त थापा मारतं, नजर त्याच्या मुठीच्या आसपास आणि खाली पुढचा गुडघा दिसत राहील अशी सैल ठेवतो. दुसरा उपाय जास्त मजेचा, तूच त्याला बोलवायचं. एक बाजू मुद्दाम थोडी उघडी ठेवायची, तलवार जरा डावीकडे झुकवली की उजवा खांदा मोकळा दिसतो, त्याला वाटतं वा, वाट मोकळी आहे. आता तो कुठे येणार हे तुला आधीच माहीत, चार शक्यतांची एक झाली, तुझा तो पाव सेकंदाचा प्रश्न निम्मा सुटला. फार उघडं ठेवलंस तर त्याला वास येतो, थोडंच ठेवलंस तर तो दुसरीकडून येतो, याचं माप प्रत्येक माणसागणिक वेगळं आणि तेच स्पारिंगच्या पहिल्या मिनिटात शोधायचं असतं.

स्पॅनिश लोकांबद्दल पण कुणीतरी तुला सांगेलच, ते सरळ रेषेत येतच नाहीत, वर्तुळावर चालतात, जमिनीवर एक कल्पनेतलं वर्तुळ आणि तुम्ही दोघं त्याच्या काठावर. अँटवर्पचा जेरार्ड तिबो, त्याचं 1630 मध्ये बाहेर आलेलं पुस्तक म्हणजे तर प्रत्येक पानावर वर्तुळंच वर्तुळं. सुंदर आहे, पण त्यात चुकवणं वार आल्यावर होत नाही, आधीपासूनच तिरकं राहून समोरच्याला सतत नवीन रेषा शोधायला लावणं असं आहे. तुझ्या प्रश्नाला ते आत्ता नको, डोक्यात घोळ होईल.

सराव असा कर. जोडीदाराला सांग की एकच ठरलेला वार करायचा, उजवीकडून वरून, पूर्ण पाऊल टाकून, मास्कवर खरोखर लागेल असा. अर्धवट, तुझ्यापासून चार इंच आधी थांबणारा वार नको, त्याने तू चुकीचं अंतर शिकतोस, क्लबांमध्ये हा रोग फार आहे, लोक प्रेमापोटी हळू आणि लांबूनच मारतात. हळू चालेल, खोटं नको. आणि त्याला एक सूट दे, तू लवकर हललास तर त्याने वाट बदलून तुला मारायचंच. म्हणजे लवकर हललास तर मार, उशीर केलास तर मार, मधली जी फट आहे ती तुझं अंगच शोधेल, तिथे माझं लिहिणं काही कामाचं नाही. पहिल्या दिवशी दहात दोन जमतील. तीन आठवड्यांनी सहा-सात जमले की त्याला दोन वारांपैकी कुठलाही एक करायला सांग, परत दोनवर येशील, घाबरू नकोस. जमिनीवर टेप लावून तुझी मधली रेषा आखून घे आणि दर वेळी बघ पाय टेपपासून किती लांब पडला, फूटभर लांब पडत असेल तर भीती सरकवतेय. पाठीमागे भिंत घेऊन पण कर, मागे जायचा रस्ताच बंद झाला की बाजूला जायला अंग आपोआप शिकतं, फक्त भिंतीला फेडरची मूठ आपटून घेऊ नकोस. आणि गळ्याचं गार्ड आणि हातमोजे नीट, कारण झ्वेर्खमध्ये उशीर झाला तर पहिली लागतात ती बोटं.

डोळ्यांचं राहिलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, चेहऱ्याकडे काही आलं की पापणी मिटणारच, ती तुला विचारून मिटत नाही. मास्क घालून खुर्चीवर बस आणि कुणालातरी दोन मीटरवरून टेनिसबॉल चेहऱ्यावर हळूच टाकायला सांग, एका वेळी वीस-पंचवीस, आणि प्रत्येक बॉल जाळीवर आपटेपर्यंत त्यावरची शिवण बघायचा प्रयत्न कर. बाउन्सरला डक करताना बॉलवरची नजर काढायची नाही असं क्रिकेटवाले सांगतात, तसंच. माझ्या मुलीला हे काम फार आवडतं, ती नऊ वर्षांची आहे आणि तिला वाटतं बाबाला बॉल मारायची ही अधिकृत परवानगी आहे. दोन महिन्यांनी पापणी कमी मिटायला लागली, पूर्ण थांबली नाही, गेल्या गुरुवारीच एकाने चेहऱ्यावर भोसकलं तेव्हा मी इन्क्वार्ताता केली, टोक बरोबर त्याच्या छातीवर लागलं, आणि डोळे उघडले तेव्हा मला ते दिसलं.